निळा आत, तांबडा वर

माझ्या माहेरी, कारंज्यापासून दोन कोसांवरच्या खेड्यात, माजघराच्या भिंतीवर तारेत अडकवलेली एक चिनी मातीची ताटली होती. पुरणाची पोळी मधोमध ठेवली तर भोवती चार बोटे जागा उरावी एवढा तिचा घेर होता. मध्ये फुलदाणी, तिच्यातून निघालेल्या फांद्या आणि टपोरी फुले, कडेने पंख्याच्या आकाराचे कप्पे, आणि या सगळ्यात मुख्य रंग तीनच: शाईसारखा गडद निळा, विटकरी तांबडा आणि सोनेरी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला आणलेल्या तेजीत आमच्या घराण्याच्या हाती पैसा आला आणि पुढे पणजोबांनी ही ताटली मुंबईहून आणली, असे घरात सांगत असत. वस्तू वापरासाठी नव्हतीच. आलेल्यागेलेल्यांनी पाहावी, एवढेच तिचे काम होते.

दरवर्षी दिवाळीच्या आधी पितळी भांड्यांबरोबर तीही खाली उतरत असे आणि आजी तिला चिंच आणि राख लावून, समया घासाव्या तशी घासत असे. मी सात-आठ वर्षांची असताना काठावर सोन्याच्या रेघा बऱ्यापैकी शाबूत होत्या. माझ्या लग्नापर्यंत त्या फक्त खोलगट जागी उरल्या. तांबडी फुलेही कुठे कुठे विरळ झाली. निळ्याला मात्र काही म्हणता काही झाले नाही. आजी म्हणायची, "निळा पक्का, तांबडा कच्चा," आणि हे ती लुगड्याच्या रंगाबद्दल बोलावे तितक्या सहजपणे म्हणायची. घासून झाल्यावर ती ताटली मला पुसायला देत असे आणि मी डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवीत असे. तांबडी पाकळी बोटाला लागायची, अगदी बारीक उंचवटा जाणवायचा. निळ्या पानावर काहीच लागत नसे, तिथे नुसती गार, गुळगुळीत काच असायची.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी स्वतः पोर्सलीनवर रंगकाम करू लागले, तेव्हा कळले की त्या बोटाला जे समजले होते, तेच या कलेचे अर्धे मर्म आहे. आजीचे निदान चुकीचे होते, पण निरीक्षण चोख होते.

पोर्सलीनचे भांडे पांढऱ्या केओलिन मातीत फेल्डस्पार नावाच्या खनिजाची आणि गारगोटीची पूड मिसळून घडवतात आणि सुमारे १३०० अंश सेल्सियस, काही ठिकाणी १४०० अंशांपर्यंत भाजतात. या आचेत माती अर्धवट वितळून काचेसारखी एकजीव होते. म्हणूनच तिच्यात पाणी मुरत नाही, टिचकी मारली की ती घंटेसारखी वाजते आणि पातळ कड उजेडापुढे धरली की पलीकडे बोटांची सावली दिसते. एवढ्या आचेत बहुतेक रंग जळून जातात किंवा उडून जातात. टिकतो तो मुख्यतः कोबाल्टचा निळा. तो कोऱ्या भांड्यावर आधी रंगवायचा, त्यावर झिलईचे पाणी चढवायचे आणि सगळे एकदम भाजायचे. मग तो निळा झिलईच्या काचेखाली कायमचा कोंडला जातो. राख त्याच्यापर्यंत पोहोचणार कशी?

बाकीचे बहुतेक रंग झिलईच्या वर बसतात. ते धातूंच्या भस्मांचे आणि लवकर वितळणाऱ्या काचेच्या पुडीचे मिश्रण असते. ते तयार, भाजलेल्या, चकचकीत भांड्यावर रंगवतात आणि ७०० ते ८५० अंशांच्या दरम्यान पुन्हा भाजतात. या बेताच्या आचेत रंगातली काच वितळून झिलईला चिकटते, मूळ भांड्याला धक्का लागत नाही. दागिन्यावरच्या मीनाकामाचे जे तत्त्व, तेच इथे आहे. फक्त सोन्याच्या जागी चिनी माती असते. आजीच्या ताटलीवरचा तांबडा कच्चा नव्हता, तो मीना होता आणि बाहेर उघड्यावर होता. सोने तर त्याहूनही पातळ, सर्वात शेवटी आणि सर्वात मंद आचेत बसवलेले. शंभर वर्षे राखेचे खडे सोसल्यावर ते जायचेच होते.

"चिनी माती" हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातले "चिनी" आपल्याला ऐकूही येत नाही. लोणच्याची पिवळी-पांढरी बरणी असो, टपरीवरची कपबशी असो की न्हाणीघरातले बेसिन असो, आपल्या लेखी सगळे चिनी मातीचेच. आमच्या भागाला सिरॅमिकचे काम तसे परके नाही. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी भद्रावतीत उभारलेल्या ग्रामोदय संघाचे नाव चंद्रपूर-यवतमाळकडच्या कुंभारांना माहीत असते. पण बरणीची जाड, दणकट दगडी माती वेगळी आणि उजेड आरपार जाणारे पोर्सलीन वेगळे, हा भेद बोलीत उरलेला नाही. चीनमध्ये या पांढऱ्या मातीला जे नाव मिळाले, तेही एका गावावरूनच आले आहे. च्यांगशी प्रांतातल्या चिंगतेचेन या भांड्यांच्या नगरीजवळच्या काओलिंग या ठिकाणावरून तिला केओलिन म्हणू लागले.

या चिंगतेचेनबद्दल दांत्रकोल नावाच्या एका फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने १७१२ आणि १७२२ साली युरोपात दोन लांबलचक पत्रे पाठवली. तिथले कारागीर त्याच्या चर्चमध्ये येत, त्यामुळे त्याला आतल्या खोलीतले बरेच काही कळत असे. एक भांडे पूर्ण होईपर्यंत सत्तर माणसांच्या हातांतून जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. एक जण कडेची रेघच काढतो, दुसरा फुलांची आखणी करतो, तिसरा ती भरतो, डोंगर-पाण्यासाठी वेगळा माणूस, पशुपक्ष्यांसाठी वेगळा. मी हे वाचले तेव्हा माझे दोनच हात एका चहाच्या बशीशी आठ दिवस झुंजत होते आणि मला त्या कडेची रेघ काढणाऱ्या माणसाचा मनापासून हेवा वाटला. बशी फिरत्या चाकावर ठेवून, कुंचला स्थिर धरून, श्वास रोखून काढायची ती रेघ मला अजून धड जमत नाही. सुरुवात आणि शेवट जिथे भेटतात तिथे एक गाठ राहतेच.

त्याच पत्रांत तांबड्या रंगाची कृती आहे आणि ती वाचून मी थबकले, कारण तो हिराकस भाजून करीत. हिराकस आमच्या आजीच्या औषधाच्या डब्यात असायचा. हिरवट खड्यांचे हे लोहाचे क्षार तापवले की पाणी आणि गंधक निघून जाते आणि मागे तांबडे लोहभस्म उरते. म्हणजे ताटलीवरची ती विटकरी फुले आणि आमच्या ओसरीच्या भिंतीवर पोळ्याला ओढलेला गेरूचा पट्टा हे दोन्ही एकाच लोखंडाचे रंग. फरक इतकाच की एक पावसात धुपतो आणि दुसऱ्याला घालवायला आजीसारखी कामसू बाई लागते.

ती ताटली जपानी आहे, हे मला हैदराबादला सालारजंग संग्रहालय पाहिल्यावर उमगले. वऱ्हाडच्या माणसाला हैदराबाद तसे जुन्या घरासारखे, आमचा मुलूख एकेकाळी निजामाचाच होता. तिथल्या चिनी, जपानी, फ्रेंच आणि जर्मन पोर्सलीनच्या दालनांत मी दोन दिवस काढले. नवऱ्याने पहिल्या दिवशी दुपारीच हात टेकले आणि तो चारमिनारकडे निघून गेला. तशाच निळ्या-तांबड्या-सोनेरी घाटाला "इमारी" म्हणतात, ते मला तेव्हा समजले. भांडी बनत आरिता या गावी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून. ती जहाजावर चढत इमारी बंदरातून, म्हणून नाव बंदराचे झाले. १६४० च्या दशकात काकिएमोन या कुंभार घराण्याने झिलईवरचे रंग तिथे साधले. चीनमध्ये त्याच सुमारास मिंग घराणे कोसळून यादवी माजली आणि निर्यात आटली, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीने जपानकडे मोर्चा वळवला आणि १६५९ साली तिने आरिताला प्रचंड मोठी मागणी नोंदवली. एका देशातल्या लढाईने दुसऱ्या देशातल्या गावाचे नशीब उघडले. कापसाच्या बाबतीत आमचे तेच झाले होते आणि त्या पैशातून घेतलेली वस्तूही नेमकी तसल्याच गावाची निघाली, याची मला गंमत वाटते.

आता माझ्या स्वतःच्या कामाबद्दल लिहिते. सासर दारव्ह्याकडे आहे. घरामागच्या गोठ्यात गुरे उरली नाहीत, तेव्हा तिथे फरशी घालून मी विजेची छोटी भट्टी बसवली. तिच्यात जेवणाच्या दोन थाळ्या उभ्या मावतात, त्याहून जास्त काही नाही. कोरी पांढरी भांडी मी नागपूरहून आणते. त्यांतली बरीचशी बोन चायनाची असतात. त्या मातीत जवळजवळ निम्मी भाजलेल्या हाडांची राख असते, हे कळल्यापासून आमच्या शेजारच्या माळकरी काकू माझ्या बश्यांना हात लावत नाहीत, आणि मी त्यांना तो लावायचा आग्रहही करत नाही. रंगकामाला मात्र बोन चायना सोयीचे असते. त्याची झिलई मऊ असल्यामुळे भट्टीत रंग तिच्यात किंचित बुडतो आणि मखमली दिसतो. अस्सल कठीण पोर्सलीनवर तो वरच बसून राहतो.

रंग येतो पुडीच्या रूपात. ती पूड काचेच्या तुकड्यावर घेऊन तेलात खलायची. खलायची म्हणजे लवचिक पात्याच्या सुरीने दहा-पंधरा मिनिटे, एकही कण दाताखाली आल्यासारखा सुरीखाली करकरणार नाही इतकी. तेल म्हणजे उडून उडून मधासारखे दाट झालेले टर्पेंटाइन. पुस्तके लिहिणारे लोक थंड देशांतले असतात, त्यामुळे त्यांना टर्पेंटाइन सुकायची वाट पाहावी लागते. दारव्ह्याला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि कुंचल्यावरचा रंग ताटलीपर्यंत पोहोचेतो खडू होऊन जातो. यावरचा उपाय म्हणजे लवंगेचे तेल. त्याचे दोन-तीन थेंब टाकले की रंग तासभर ओला राहतो. मी ते पहिल्यांदा वापरले त्या दिवशी काकू परसातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय वं मास्तरीणबाई, दाढ दुखून रायली काय तुमची?" पंखा लावता येत नाही, कारण त्याने धूळ येते आणि ओल्या रंगावर बसलेला धुळीचा एक कण भट्टीतून डागासारखा बाहेर येतो. तेव्हा उन्हाळ्यात माझे काम पहाटे चार ते आठ एवढेच चालते.

बारीक आखणीसाठी तेल चालत नाही. आखणीचा रंग मी साखरेच्या पातळ पाकात खलते आणि बोरूसारख्या बारीक टाकाने काढते. पाक पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. त्यामुळे तो वाळला की त्यावरून तेलाचा रंग खुशाल फिरवावा, रेघ हलत नाही. इतक्या साध्या युक्तीवर एवढे नाजूक काम उभे आहे. फक्त ताटली रात्री उघडी ठेवू नये. एकदा सकाळी पाहते तो काळ्या मुंग्यांची रांग लागलेली आणि गुलाबाच्या चार पाकळ्यांची कड त्यांनी चाटून नेलेली.

या कलेत रंगाची श्रीमंती लगेच मिळत नाही, हे मला सगळ्यात उशिरा कळले. कागदावर गडद हवे असेल तर आपण रंग दाट लावतो. इथे दाट लावला की तो भट्टीत आक्रसतो, त्याला भेगा जातात आणि खपल्या निघतात. म्हणून पातळ थर लावायचा, भाजायचा, पुन्हा पातळ थर, पुन्हा भाजायचा. डाळिंबासारखा गच्च तांबडा किंवा मोरपिशी हिरवा हा तीन-चार आचांचा हिशेब असतो. त्यातही प्रत्येक रंगाची आच वेगळी. ज्याला सर्वात जास्त आच लागते तो आधी, कमी आचेचा नंतर, सोने शेवटी. हा क्रम चुकला तर आधी बसलेला नाजूक रंग पुढच्या कडक आचेत जळतो. मी शाळेत तीस वर्षे मुलांना रंगसंगती शिकवली. पण रंगांनाही वडीलकी-धाकुटकी असते आणि पंगतीला त्यांना त्याच क्रमाने बसवावे लागते, हे मला भट्टीने शिकवले.

शिवाय ताटली रंगवताना जो रंग दिसतो तो खरा नसतोच. पुडीतला निळा राखाडी दिसतो, सोने तर काकवीसारखे तपकिरी असते. पहिल्या वर्षी मी एका फरशीच्या तुकड्यावर सगळ्या रंगांचे ठिपके देऊन ते भाजून घेतले. तो तुकडा आजही माझ्या समोर टांगलेला असतो आणि कुंचला हातात असताना माझा डोळा ताटलीपेक्षा त्याच्यावर जास्त असतो.

सगळ्यांत लहरी म्हणजे गुलाबी. तो सोन्यापासून होतो, हे ऐकून आमच्या गावचा सोनारही खुर्चीत सरळ होऊन बसला. सोने तेजाबात विरघळवून त्यात कथिलाचा क्षार घातला की सोन्याचे इतके बारीक कण तयार होतात की ते पिवळे न दिसता जांभळट-तांबडे दिसतात. आंद्रेआस कासियुस या जर्मन वैद्याच्या नावाने हा रंग ओळखला जातो, त्याची कृती १६८५ च्या पुस्तकात छापली गेली. चीनमध्ये अठराव्या शतकात, युंगचेंग बादशहाच्या काळात, याच गुलाबीने भांड्यांचा सगळा नूर पालटला. त्याआधी खांग्शी बादशहाच्या दीर्घ कारकिर्दीत हिरव्याचे राज्य होते. नंतर पिओनीची गुबगुबीत फुले आली, आणि त्यांत पांढरा मिसळून गुलाबीच्या छटा उतरवण्याची सोय आली.

युरोपाची गोष्ट तर सोन्यापासूनच सुरू होते. आपण सोने करू शकतो अशी फुशारकी मारणाऱ्या ब्योटगर नावाच्या तरुण किमयागाराला जर्मनीतल्या सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने कोंडून ठेवले. सोने काही झाले नाही. पण चिर्नहाउस या विद्वानाच्या देखरेखीखाली १७०८ च्या सुमारास त्याने पांढऱ्या पोर्सलीनचे गुपित उलगडले आणि १७१० साली माइसेनचा कारखाना उभा राहिला. भांडे साधले तरी रंग साधत नव्हते. ते साधले १७२० साली व्हिएन्नाहून आलेल्या ह्योरोल्ट या चित्रकाराने, आणि ते पाहायला ब्योटगर उरला नव्हता, तो आदल्याच वर्षी वारला होता.

तर हा सोन्याचा गुलाबी कमी आचेत राहिला की विटकरी-तपकिरी होतो आणि जास्त झाला की जांभळाकडे झुकतो. माझ्या भट्टीत तो ८१० ते ८२० अंशांच्या बेचक्यात नीट उतरतो. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी मी सहा बश्यांचा संच करायला घेतला. गुलाबाची फुले, त्यांना लोहाच्या तांबड्याची छाया आणि कडेला गडद निळी पट्टी. पट्टीसाठी रंग कुंचल्याने लावत नाहीत. आधी तेलाचा थर देऊन रेशमी कापडाच्या बोळ्याने थापून थापून तो एकसारखा करायचा, चिकटपणा बोटाला जेमतेम जाणवेल इतका वाळू द्यायचा, मग कोरडी रंगाची पूड कापसाने त्यावर पसरवून अलगद घोळवायची. असा गच्च, सपाट रंग दुसऱ्या कोणत्याही रीतीने मिळत नाही. या वेळी तोंडाला फडके बांधून भागत नाही, चांगला मास्कच लागतो, कारण ती पूड विषारी असते. लग्नाला दहा दिवस उरले होते, म्हणून मी वेळ वाचवायला गुलाबी आणि तांबडा एकाच आचेत घातले. हे करू नये, हे मला ठाऊक होते.

भट्टी लावली की पहिले चारशे-पाचशे अंश होईपर्यंत वरचे भोक उघडे ठेवतात, म्हणजे तेलाचा धूर निघून जातो, नाहीतर तो कोंडून रंग मेणचट होतात. मग भोक बंद करून चढवत न्यायचे. साडेसहाशेच्या पुढे गेल्यावर लाल उजेड दिसू लागला आणि त्याच वेळी वीज गेली. आमच्या फिडरवर वीज जाण्याचे वेळापत्रक असते आणि ते पाळले जात नाही, हेही त्या वेळापत्रकाइतकेच नेमाचे आहे. ती तीन तासांनी आली, तेव्हा भट्टी निवली होती. मी चिडून पुन्हा लावली आणि या वेळी घाईत आकड्यावर नजर ठेवली नाही. सकाळी उघडले तर गुलाबी कडेने जांभळट, त्यात मिसळलेला तांबडा बहुतेक ठिकाणी खाल्लेला, फिका, पिवळसर. आणि एका बशीला काठापासून मध्यापर्यंत केसासारखी चीर गेली होती, कारण ती उघडताना भट्टी पुरती निवलेली नव्हती. ताकद वापरून जे होत नाही ते वेळ देऊन होते, हे मी शाळेतल्या कारट्यांना फळ्यावर लिहून दिले असेल. बहिणीला मी तीन बश्या दिल्या आणि तीन नंतर देते असे सांगितले. त्या अजून द्यायच्या आहेत.

आमच्या आठवडी बाजारात एक कपबश्यांचे दुकान लागते. तिथल्या कपांवरचे गुलाब पाहून बायका मला विचारतात, की हे असेच काम ना, मग हे दीडशेला आणि तुमचे का नाही? मी पिशवीतले भिंग काढून दाखवते. त्या गुलाबाच्या छटा भिंगाखाली बारीक बारीक ठिपक्यांच्या होतात, वर्तमानपत्रातल्या रंगीत छायाचित्रासारख्या. सहाही कपांवर तीच पाकळी, तोच दवबिंदू, आणि तिरप्या उजेडात धरले तर चित्राभोवती पातळ पापुद्र्याची कड दिसते. हे छापील चित्र असते. ते पाण्यात भिजवून कपावर सरकवतात आणि भाजतात. त्यात लबाडी काही नाही आणि मला त्या कपांचा रागही नाही, आमच्या घरात चहा त्यांतच होतो. पण हाताने रंगवलेल्या पाकळीत कुंचल्याचा दाब एका बाजूला जास्त असतो, तिथे रंग साचतो, दुसरीकडे विरतो, आणि बोट फिरवले की तो चढउतार कळतो. भिंग पाहून झाले की बायका दीडशेचाच संच घेतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

गेली दोन वर्षे मी पळस रंगवते आहे. शिमग्याच्या आधी आमच्याकडचे रान जे पेटलेले दिसते, ते ताटलीवर आणायचे. लोहाच्या तांबड्यात पिवळा मिसळून पाहिला, तो विटेकडे जातो, पळसाकडे जात नाही. त्या केशरी ज्वाळेसाठी कॅडमियम आणि सेलेनियमचा रंग लागतो, आणि तो या सगळ्या भावकीतला सर्वात तिरसट. दुसऱ्या रंगात मिसळला की काळवंडतो, शिशाच्या रंगावर बसला की काळवंडतो, तांब्याच्या हिरव्याच्या शेजारीही त्याचा भरवसा नाही. त्याला भट्टीत मोकळी हवा लागते आणि रेंगाळलेली आच चालत नाही. म्हणजे केशरी फुलाला हिरवे पान जोडले की दोघांचे भांडण ठरलेले. मी आठवडाभर यावर डोके खाजवले आणि मग एका सकाळी दिग्रसच्या रस्त्याने जाताना झाडाकडे नीट पाहिले. पळस फुलतो तेव्हा त्याला पान नसतेच. उघडी वाकडी फांदी, तिच्यावर काळपट मखमली देठाच्या वाट्या आणि त्यांतून निघालेल्या केशरी चोची. मला हिरवा लागणारच नव्हता. तीस वर्षे मी त्या झाडाखालून शाळेत गेले आणि मुलांच्या चित्रांत पळसाला पाने काढली तरी कधी लाल पेन्सिल चालवली नाही.

आता फांदीचा काळपट तपकिरी आणि देठाची मखमल पहिल्या दोन आचांत बसवते, फुलांची जागा कोरी पांढरी राखते आणि शेवटी केशरी एकटाच भरून एकट्यासाठी भट्टी लावते. पाच ताटल्यांत दोन साधल्या. त्या पाहून काकूंनी प्रथमच माझ्या कामाला हात लावला आणि विचारले, "सुंदर झाली वं. याच्यात सांबारवडी ठेवता येते काय?" मी नाही म्हणाले. या रंगांत शिसे असते, कॅडमियम असते, आणि चिंच, लिंबू, ताक यांच्या आंबटाने ते सुटू शकते. म्हणून जिथे अन्न टेकते तिथे हे काम करू नये, आणि शोभेच्या ताटलीत फार तर कागदात बांधलेला मुखवास ठेवावा. "मंग कायले एवढी मेहनत?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना लिऊ यीचियेन या शांघायच्या धनिकाची गोष्ट सांगितली. पंधराव्या शतकातल्या छंगह्वा बादशहाच्या काळातला एक इवलासा प्याला, निळ्या रेघांत कोंबडा-कोंबडी-पिल्ले आखून वरून रंग भरलेला, त्याने २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरांहून जास्त किमतीला घेतला आणि सरळ त्यात चहा ओतून प्यायला. त्या प्याल्याचे रंग बाहेरच्या अंगाला आहेत, चहा लागतो त्या आतल्या अंगाला नाहीत, हे मी मुद्दाम जोडले. काकूंनी रकमेवर विश्वास ठेवला नाही. चहाचे मात्र त्यांना पटले.

माहेरची ताटली आता माझ्या भावाकडे आहे. भट्टी घरात आल्यावर त्याने साहजिकच सुचवले की तुझ्याकडे सोने आहे, हात आहे, तर काठावरच्या रेघा पुन्हा काढून दे. मी ती आणली, आठ दिवस माझ्या टेबलावर ठेवली आणि भिंगाखाली पाहिली. मुळातले सोने कुंचल्याच्या एकेका ओढीचे होते, आणि ते जिथून गेले आहे तिथे तिरप्या उजेडात झिलईवर रेघेची फिकट खूण अजून दिसते. त्या खुणेवरून मला रेघ गिरवता आली असती. पण शंभर वर्षे घासल्या-धुतलेल्या जुन्या भांड्यात, झिलईच्या न दिसणाऱ्या चिरांतून, ओल आणि चिंचेचे, राखेचे पाणी मुरलेले असते. ते पुन्हा भाजले की झिलईवर काळे ठिपके उठतात, फोड येतात, कधी भांडेच तडकते. सोन्याला सातशे अंश तरी लागतात, त्याहून कमीत ते बसत नाही.

मी ताटली तशीच परत केली. भावजयीला एवढेच सांगितले की हिला राख नको, चिंच नको, घासणी तर नकोच. ओल्या मऊ फडक्याने पुसायची आणि तांबड्या फुलांवरून फडके दाबून न्यायचे नाही. यंदाच्या दिवाळीला मी गेले तेव्हा तिची पाच वर्षांची नात ताटली मांडीवर घेऊन बसली होती आणि डोळे मिटून तिच्यावरून बोट फिरवत होती.